खानदेशची पिके, लेखांक ६ : टोमॅटोची फूलगळ

टोमॅटोच्या फुलाच्या देठावर साधारण मध्यावर एक फुगीर गाठ असते. फूल गळते ते नेमके या गाठीपाशी. पिकलेले फळ तोडतानाही देठ तिथेच मोडतो. गाठीतल्या काही थरांतील पेशी आजूबाजूच्या पेशींपेक्षा लहान आणि दाट असतात. झाडाने फूल टाकण्याची जागा अशी आधीच आखलेली असते.

फूल निरोगी असेपर्यंत त्यातून ऑक्झिन हे संप्रेरक देठात उतरत राहते आणि तोवर गाठीतील पेशी इथिलिन या दुसऱ्या संप्रेरकाला दाद देत नाहीत. फलधारणा फसली की ऑक्झिन आटते, इथिलिनचा प्रभाव वाढतो, सेल्युलेज व पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज ही विकरे पेशींना सांधणारा थर विरघळवतात आणि फूल सुटते. इथिलिनचा ग्राही बिघडलेल्या ‘नेव्हर राइप’ या उत्परिवर्तित टोमॅटोत फळे नीट पिकत नाहीत आणि फुलेही बऱ्याच उशिरा गळतात. पिकणे आणि गळणे यांत इथिलिनचा हात किती मोठा आहे, ते यावरून दिसते.

गाठ घडवणारी जनुके मात्र वेगळी. त्यांतील ‘जॉइंटलेस’ हे जनुक २००० साली वेगळे करण्यात आले. ते मॅड्स-बॉक्स कुळातले, म्हणजे इतर जनुकांना चालू-बंद करणारे. ‘मॅक्रोकॅलिक्स’ आणि ‘एमबीपी-२१’ हे त्याचे जोडीदार. यांपैकी एक जरी निकामी झाले तरी गाठ नीट तयार होत नाही. ‘एमबीपी-२१’चा बिघाड ‘जॉइंटलेस-२’ म्हणून ओळखला जातो. तो कॅलिफोर्नियातील संशोधक चार्ल्स रिक यांना १९५०च्या दशकात गॅलापॅगोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोत सापडला. गाठ नसलेले फळ देठ झाडावरच सोडून येते. क्रेटमध्ये शेजारच्या फळाला देठ टोचत नाही, यंत्राने काढणीही सोपी होते. म्हणून प्रक्रियेच्या टोमॅटोत हा गुण मोठ्या प्रमाणावर आणला गेला.

तो आणताना पैदासकारांची फार दमछाक झाली. काही वाणांत ‘जॉइंटलेस-२’ घालताच फुलोऱ्याला नको तितके फाटे फुटत, फुले उदंड येत आणि फळे मोजकीच धरत. याचे कारण २०१७ मध्ये उलगडले. मोठ्या निदलपुंजाचा एक जुना बदल लागवडीच्या टोमॅटोत आधीच शिरलेला होता. एकेकटे निरुपद्रवी असलेले हे दोन बदल एकत्र आले की फुलोरा बिघडतो. शिवाय गाठ नसण्याचा गुण अप्रभावी असल्याने संकरित वाणात तो दिसायला नर आणि मादी, दोन्ही वाणांत असावा लागतो.

गाठच काढून टाकली तर खानदेशातली फूलगळ थांबेल का? फूल गळणार नाही, पण फळही धरणार नाही. फूल देठावरच वाळेल. जळगाव-धुळ्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपुढे जातो आणि रात्रही गार होत नाही. दिवसा सुमारे ३२ आणि रात्री २१ अंशांच्या वर तापमान टिकले की परागकण निकस होऊ लागतात, कुक्षी परागकोशांच्या नळीबाहेर येते आणि फलधारणा फसते. परागकण घडण्याची सर्वांत नाजूक वेळ फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीची. आज गळणाऱ्या फुलाचे नुकसान बहुधा मागच्या आठवड्यातच झालेले असते. फूलगळीवर फवारले जाणारे एनएए हे कृत्रिम ऑक्झिन आटलेल्या ऑक्झिनची जागा काही काळ भरून काढते, पण निकस पराग त्याने सुधारत नाहीत.

उष्णता सोसण्याचा गुण एका जनुकाच्या हाती नाही. परागाचे पोषण, कुक्षीची लांबी, उष्णतेत पेशींतील प्रथिने सांभाळणारी यंत्रणा अशा अनेक गोष्टींचा तो परिणाम असतो. त्यामुळे त्यासाठी निवड संथ गतीने चालते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा सदाबहार’ अशाच निवडीतून आला. दुसरी वाट परागाची गरजच टाळण्याची. ‘एजीएल-६’ हे जनुक बंद केल्यावर उष्णतेतही बिनबियांचे फळ धरते, असे इस्रायलमधील संशोधकांनी दाखवले. तसे वाण हाती येईपर्यंत तापीकाठच्या उन्हाळी टोमॅटोला लागवडीच्या तारखेचाच आधार आहे: रोपे जानेवारीच्या सुरुवातीला लावली, तर पहिले घोस मार्चअखेरच्या उन्हाआधी धरून जातात.