संपूर्ण यंत्र नव्हे, हवी तेवढीच फाईल

शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांच्या दप्तराचा बराच भाग आता संगणकात साठविला जातो. या दप्तराची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, नियमित घेतला जात असला तरी त्याची खरी कसोटी एखादी फाईल हरवते त्या दिवशी लागते.

एका सर्व्हरवर अनेक यंत्रे

व्हर्च्युअल मशीनच्या तंत्रामुळे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक परस्परांपासून अलग राहून चालतात. अशा संगणकाची डिस्क ही प्रत्यक्षात सर्व्हरवरील एक अवाढव्य फाईल असते. व्हीएमवेअर प्रणालीत ती बहुधा ‘व्हीएमडीके’, तर हायपर-व्ही प्रणालीत ‘व्हीएचडीएक्स’ या स्वरूपात असते. बॅकअप घेतला जातो तो या अखंड डिस्कचा. पहिली प्रत पूर्ण घेतल्यावर पुढे केवळ बदललेले भाग टिपता येतात. व्हीएमवेअरने ही सोय २००९ साली उपलब्ध करून दिली.

रुमालातील एक कागद

समजा, दुपारी चार वाजता लाभार्थ्यांची यादी चुकून पुसली गेली. ती मिळविण्यासाठी संपूर्ण यंत्र आदल्या रात्रीच्या स्थितीत नेले, तर यादी परत येईल. परंतु इतर कर्मचाऱ्यांनी दिवसभरात केलेल्या नोंदी नाहीशा होतील. अभिलेख कक्षातील एक कागद हवा असता संपूर्ण दप्तर बदलले जात नाही. रुमाल सोडून तेवढाच कागद काढला जातो. येथेही तेच करावयाचे असते.

त्यासाठी बॅकअपमधील डिस्क केवळ वाचनापुरती जोडली जाते. विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची एक्सएफएस यांसारखी रचना ओळखली गेली की आतील फोल्डर दिसू लागतात. हव्या त्या तारखेची फाईल प्रथम वेगळ्या जागी उतरवून तपासावी आणि नंतरच मूळ जागी ठेवावी.

मर्यादा व दक्षता

डेटाबेसची एखादी फाईल अशी सुटी काढून चालू यंत्रात ठेवणे धोक्याचे असते. तिच्या नोंदी परस्परांशी निगडित असल्याने डेटाबेसची स्वतंत्र पुनर्स्थापना पद्धत वापरावी लागते. डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली जपलेली असावी लागते. दोन बॅकअपांच्या मधल्या काळात निर्माण होऊन पुसली गेलेली फाईल मात्र त्यांत सापडणार नाही. शिवाय, बॅकअप उघडणाऱ्यास गोपनीय कागदही वाचता येऊ शकतात. म्हणून हा अधिकार मोजक्या व्यक्तींनाच द्यावा व प्रत्येक वापराची नोंद ठेवावी.

फाईल हरविल्याचे लक्षात येताच तिचे नाव, फोल्डर आणि ती अखेरची सुस्थितीत असल्याची तारीख व वेळ लेखी कळविल्यास शोध सुकर होतो. जुने बॅकअप ठराविक मुदतीनंतर काढून टाकले जात असल्याने विलंब करू नये. प्रत्येक कार्यालयाने ठराविक काळाने एखादी फाईल प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी. बॅकअप घेतल्याच्या नोंदीवर विसंबून न राहता अशी चाचणी घेतली, तरच नागरिकांच्या दप्तराचे खरे रक्षण होईल.