झाडं लावायची, पण विचारायचं कुणाला?

आंबिवलीहून बोलतोय, त्यामुळे मागून कसाऱ्याची लोकल ऐकू आली तर समजून घ्या.

इथे उल्हास नदीवर मोहन्याजवळ जलपर्णी साचते. ती काढायची मोहीम निघाली की आधी मशीन येतं, मग फोटो. नदीत जाळं टाकणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, की बाबा, मासे कुठे अंडी घालतात?

आता गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद हातात आला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचाच, आणि तो तेव्हा वनखात्याच्या हातात होता! शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे दिलं. मला यातलं हे पुस्तकच मोठं वाटतं. कारण बांबूचे पैसे ग्रामसभेकडे आले, की जंगल राखण्यात गावाचाच फायदा. किती तोडायचं, कुठे थांबायचं, हे सगळे मिळून, सर्वसहमतीने ठरवतात. मतदान नाही. वेळ लागतो, पण हरलेला गट उरत नाही.

आपल्याकडे ग्रामसभा नाही, महापालिका आहे. म्हणून पुढच्या मोहिमेची तारीख ठरण्याआधी मी मोहन्याच्या काठावर जाणार, रेकॉर्डर घेऊन. मासेमारीवाले काय सांगतात ते पुढच्या भागात.