ताट वेगळं, खिडकी बंद

खांब गावाच्या थांब्यावर आशाताई माझ्याआधीच पोचल्यात. महामार्गाची धूळ पदराने झटकत बजावतात, "जेलचा विषय अंगणात काढायचा नाय. आत गेल्यावर." जानेवारीतली सकाळ. वालाच्या शेंगांवर अजून दंव आहे. रात्री कुणीतरी पोपटी लावलेली असणार. भांबुर्ड्याचा वास वाटेवर रेंगाळतोय.

घरात शिरल्याबरोबर दिसतं ते ताट. एकटंच, वेगळ्या फळीवर उपडं घातलेलं, शेजारी पेला. आणि मागची खिडकी बंद. "शेजारी खोकला ऐकू जातो, बाय," आजारी मुलाची आई म्हणते.

आशाताई आधी कडी काढतात, मग बसतात. "ताटापेल्यानं नाय होत टीबी. हवेतून होतो. ताट सगळ्यांत ठेवा, खिडकी उघडी ठेवा." घराने नेमकं उलटं केलंय. खरं सांगायचं तर समोर आलेला चहाचा कप उचलताना मीही थबकतो.

तो कोपऱ्यात बसलाय. तिशीचा असेल, तोंडाला रुमाल. जामिनावर सुटून आठ दिवस झालेत. कुठल्या तुरुंगातून, ते इथे नको. आत असतानाच टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, अंग भरू लागलं. मग एका संध्याकाळी नाव पुकारलं. "कागद आला नि बाहेर काढलं. गोळ्या मागायला परत आत कोण जाईल?" तो मला विचारतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वकिलाची पावती आहे, कोर्टाचे कागद आहेत आणि गोळ्यांचं एक रिकामं पाकीट.

देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन जण कच्चे कैदी. शिक्षा लागलेल्याच्या सुटकेची तारीख आधीपासून ठाऊक असते. कच्चा कैदी कधी सुटेल हे तुरुंगालाही कळत नाही. आणि उपचार साधे म्हटले तरी सहा महिन्यांचे. गर्दीच्या, कोंदट बराकींमुळे कैद्यांना क्षयाचा धोका बाहेरच्यांच्या दहापट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्राझीलच्या एका राज्यात सुटलेल्यांचा माग काढला, तेव्हा हा वाढीव धोका सुटकेनंतर सुमारे सात वर्षं टिकलेला दिसला. म्हणजे आज धडधाकट घरी आलेल्यावरही लक्ष ठेवायला हवं. ते कोण ठेवणार, हे सुटकेच्या कागदावर नसतं.

त्याच पिशवीत एक चिठ्ठी सापडते, निक्षयचा, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीचा नंबर लिहिलेली. आशाताईंचा चेहरा उजळतो. या नंबरावरून त्याची नोंद इथल्या दवाखान्याकडे वळवता येते. पोषणाचे महिन्याचे पैसेही त्यावरच. 2018 मध्ये 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000. फोनला रेंज नाही म्हणून त्या आंब्याखाली जाऊन उभ्या राहतात. परत येऊन म्हणतात, "गोळ्या आज संध्याकाळपर्यंत आणते. खंड पडलाय, म्हणून थुंकी पुन्हा तपासायची."

मग आईची आणि सहा वर्षांच्या पुतणीची पाळी. आधी एक्सरे. आजार नाही असं ठरलं की प्रतिबंधक गोळ्या, आठवड्यातून एकदा, असे बारा डोस.

"मला काय झालंय म्हणून मी गोळ्या खाऊ?"

"आवशी, बी अंगात निजून राहतं वर्षानुवर्षं. उगवल्यावर उपटण्यापेक्षा आधीच मारलेलं बरं नाय का?"

आई भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघते. "सोमवारी? सोमवारी ह्याची तारीख हाय."

"रोह्यालाच ना? एक्सरेही रोह्यालाच. आधी दवाखाना, मग कोर्ट."

कोर्टाच्या लाल गोलातच पेन्सिलीने 'एक्सरे' लिहिलं जातं. लाल गोल पोरीनेच काढलेला, आता हेही तीच लिहिते, जीभ बाहेर काढून.

अंगणात मोटारसायकल थांबते. त्याचा मोठा भाऊ धाटावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलाय. हेल्मेट काढायच्या आधीच दोनदा खोकतो. आशाताईंची वही उघडते.

"माझं नाव लिहू नका. ठेकेदाराला कळलं तर उद्यापासून गेटवर घेणार नाय."

"धूळ असेल," आई घाईने म्हणते.

असेलही. पण खोकणाऱ्याला बारा डोसांची वाट लागू नाही, आधी तपास. आशाताई वही मिटतात, पिशवीतून डबी काढतात. "उद्या उठल्या उठल्या. चूळ भरायची नि छातीतून काढायचं, लाळ नको."

तो डबी घेतो, झाकण उघडतो, लावतो. कुणाकडे न बघता जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तळाशी सरकवतो.