साब 900 टर्बो: कापडी टपाची स्वीडिश गाडी

साब 900 टर्बो कन्व्हर्टिबल ही कापडी टपाची, दोन दारांची आणि चौघांना बसता येईल अशी स्वीडिश गाडी 1986 ते 1994 या काळात तयार होत होती. टर्बो आणि बिनटर्बो मिळून 900 कन्व्हर्टिबलच्या सुमारे 49 हजार गाड्या बनल्या. युरोप-अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या बाजारात ती आजही विक्रीला येत असते, पण एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट असू शकते. हा फरक इंजिनामुळे फारसा पडत नाही. पत्रा, गिअरबॉक्स आणि टप कसे आहेत, त्यावर तो ठरतो.

साब ही मुळात 1937 साली विमाने बांधण्यासाठी स्थापन झालेली कंपनी. मोटारींचे उत्पादन तिने 1949 मध्ये सुरू केले. सत्तरच्या दशकात टर्बोचार्जर नवा नव्हता, पण तो शर्यतीच्या आणि थोड्या महागड्या गाड्यांपुरताच होता आणि त्याचा जोर वरच्या वेगातच जाणवे. रोजच्या वापराच्या गाडीला तो बसवायचा, तर इंजिन संथ फिरत असतानाही त्याने साथ द्यायला हवी. पेर गिलब्रँड या इंजिनतज्ज्ञाच्या पुढाकाराने साबने लहान आकाराचा टर्बो निवडला आणि जास्तीचा दाब सोडून देणारी झडप त्याला जोडली. साबच्या 99 या मॉडेलची ही टर्बो आवृत्ती 1977 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दाखवली गेली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर आधारलेली 900 बाजारात आली.

टर्बोचे तत्त्व सोपे आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येते. अडचण अशी की दाबलेली हवा तापते आणि मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन ठोकू लागते. हवा थंड करायला इंटरकूलर असतो, पण साबची खरी करामत होती ती एपीसी नावाच्या यंत्रणेत. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला सेन्सर ठोकण्याचा कंप टिपतो, यंत्रणा लगेच टर्बोचा दाब उतरवते आणि ठोका थांबला की पुन्हा चढवते. त्यामुळे पेट्रोल कमी-अधिक प्रतीचे असले तरी इंजिन सांभाळले जाते. पुढे 1985 सीसीच्या या इंजिनाला सोळा व्हॉल्व्ह मिळाले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीत त्याची शक्ती 175 अश्वशक्ती होती, तर अमेरिकी गाड्यांत सुरुवातीला 160. आकड्यांपेक्षा महत्त्वाचे हे की पूर्ण जोर मिनिटाला सुमारे 3000 फेऱ्यांनाच मिळतो. ओव्हरटेक करताना गिअर खाली आणावा लागत नाही.

टप काढण्याची कल्पना अमेरिकेतली. सत्तरच्या दशकात तिथे उघड्या गाड्या जवळपास संपल्या होत्या, कारण गाडी उलटल्यावरच्या सुरक्षेचे नियम कडक होतील अशी धास्ती होती. तसे नियम आले नाहीत आणि मागणी मात्र शिल्लक राहिली. साबच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख रॉबर्ट सिंक्लेअर यांनी दोन दारांच्या 900 वरून अशी गाडी करण्याचा आग्रह धरला. पहिला नमुना अमेरिकन सनरूफ कंपनीने बांधला आणि तो 1983 मध्ये फ्रँकफर्टला मांडला गेला. उत्पादन फिनलंडमधल्या उऊसिकाउपुंकी इथल्या कारखान्यात झाले. टप गेल्यावर सांगाडा ढिला पडू नये म्हणून दारांखालचा भाग आणि पुढच्या काचेचे खांब मजबूत केले गेले. तरीही खड्ड्यात पुढची काच किंचित थरथरते, ते या गाडीच्या बाबतीत गृहीतच धरावे. टप मात्र थंड देशाला शोभेल असा आहे: आतून अस्तर, मागे खरीखुरी काच आणि तिच्यावरचे दव घालवणाऱ्या तारा. टप हायड्रॉलिकवर उघड-बंद होतो. पुढच्या चौकटीवरची कडी तेवढी हाताने लावायची.

विकत घेणाऱ्याने आधी गाडीखाली वाकावे. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खाते. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा आणि पुढच्या सस्पेन्शनचे जोड या गंजाच्या ठरलेल्या जागा. वरून रंग चकचकीत असेल तर उलट जास्त संशय घ्यावा.

गिअरबॉक्सचे दुखणे रचनेतून आले आहे. इंजिन 45 अंशांत कललेले आणि उलटे बसवलेले, म्हणजे क्लच रेडिएटरच्या बाजूला. गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, आणि दोघांमध्ये साखळ्या. याचा फायदा असा की बोनेट पुढे सरकवून उघडले की क्लच समोरच दिसतो आणि इंजिन न उतरवता बदलता येतो. गिअरबॉक्ससाठी मात्र सगळेच बाहेर काढावे लागते. टर्बोचा जोर पेलताना त्याची बेअरिंग झिजतात. चालू गाडीत घरघर ऐकू येणे किंवा रिव्हर्स गिअर आपोआप सुटणे ही मोठ्या खर्चाची नांदी. किल्ली दोन आसनांमध्ये, गिअरच्या दांड्यामागे लावायची असते आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय ती निघत नाही, त्यामुळे रिव्हर्सची परीक्षा आपोआप होते.

इंजिन चिवट आहे. वेळेवर ऑइल बदलले, जोरात चालवल्यावर मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद केले, तर टर्बोही टिकतो. सुरू करताना साखळीचा खडखडाट आणि सायलेन्सरमधून निळा धूर मात्र तपासावा. टपाचे काम त्याहून खर्चिक. कापड बदलता येते, पण हायड्रॉलिकची गळती आणि पुढच्या चौकटीतून झिरपणारे पाणी माणसाला दमवते. पावसाळी दिवशी गाडी पाहणे सर्वांत शहाणपणाचे, पण विक्रेते जाहिरातीचे फोटो उन्हातच काढतात. शिवाय प्रत्येक 900 कन्व्हर्टिबल पूर्ण टर्बो नसते. काहींत टर्बो नाही, तर काहींत कमी दाबाचा, 145 अश्वशक्तीचा आहे. इंटरकूलर आणि दाब दाखवणारा काटा दिसल्याशिवाय टर्बोची किंमत मोजू नये.

साबची मोटार कंपनी 2011 च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. सुट्या भागांचा विभाग त्यातून बचावला आणि ओरिओ या नावाने स्वीडनमधून माल पुरवत राहिला. इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग त्यामुळे सहज मिळतात. आतल्या प्लास्टिकच्या वस्तू आणि टपाच्या पट्ट्या जुन्या गाड्या मोडूनच मिळवाव्या लागतात. भारतातल्या हौशी ग्राहकाची वाट नियमांनीच अडवली आहे, कारण वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंगही उजव्या हाताला लागते.