सरपंचाच्या मतदानाला रांग, खासदाराच्या मतदानाला दांडी : असं का होते?

मौदा : ग्रामपंचायतीची निवडणूक असली की आपल्या गावात सकाळी सातच्या आधीच शाळेसमोर गर्दी जमते. म्हातारी माणसं काठी टेकत येतात, पुण्याला कामाला असलेला पोरगा रात्रीच्या गाडीनं गावात उतरतो. पण तेच गाव, तीच शाळा आणि निवडणूक लोकसभेची असली तर दुपारी एक वाजता बूथवरचे कर्मचारी जांभया देत बसलेले दिसतात.

मौदा तालुका रामटेक लोकसभा मतदारसंघात येतो. 19 एप्रिल 2024 ला इथं मतदान झालं, ते 61 टक्के. म्हणजे शंभरातले 39 जण घरीच राहिले किंवा गावातच नव्हते. त्याच दिवशी शेजारच्या नागपूर मतदारसंघात तर 54 टक्केच झालं. रामटेकमध्ये 20 लाखांच्या वर मतदार आहेत. मत न दिलेले साधारण 8 लाख होतात आणि इथला निकाल लागला तो साधारण 77 हजारांच्या फरकानं. आता हिशोब तुम्हीच करा.

ऊन आणि अंतर, एवढंच कारण नाही

पहिलं कारण सगळे सांगतात, ऊन. एप्रिलमध्ये आपल्याकडं अकरा वाजतानंतर बाहेर निघवत नाही, हे खरं आहे. वरून लग्नसराई. पण त्याच दिवशी, त्याच उन्हात गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास 72 टक्के मतदान झालं. तिथल्या बऱ्याच भागात तर दुपारी 3 वाजेपर्यंतच वेळ होती. जंगलातून, नाले ओलांडून लोक आले. भंडारा-गोंदियातही 67 टक्के झालं, आणि भंडारा तर आपल्या मौद्याला लागून आहे. तिथलं ऊन काही वेगळं नाही.

म्हणजे ऊन ही अडचण आहे, पण खरं कारण दुसरीकडं शोधावं लागते.

"माह्या एका मतानं काय होते?"

गेल्या हिवाळ्यात धानाच्या चुरणीवर बसलो असताना मी सोबतच्या लोकांना सरळ विचारलं, मत द्यायला का जात नाही? एक काकाजी म्हणाले, "भाऊ, सरपंच माह्या घरासमोरून जाते. नाली तुंबली तं मी त्याले थांबवून विचारतो. खासदार कुठं भेटते?" दुसरा म्हणाला, "माह्या एका मतानं काय होते?"

या दोन वाक्यांत बरंच काही आहे. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात काहीशे मतं असतात. पाच-दहा मतांनी माणूस पडते, कधी चिठ्ठी टाकावी लागते. तिथं एक मत डोळ्यांना दिसते. उमेदवार घरचाच असतो, चार वेळा दारात येते, फोन करते. लोकसभेत लाखोंचा मामला. आपलं मत घागरभर पाणी तलावात ओतल्यासारखं वाटते.

मग छोटीशी अडचणही मोठी होते. एक दिवसाचा रोज बुडते, बुटीबोरी किंवा हिंगण्याहून यायचं भाडं लागते, धानाचं पुंजणं उघडं आहे, बैलाला पाणी द्यायचं आहे. मताची किंमत जास्त वाटली तर माणूस हे सगळं सोडून जाते. कमी वाटली तर यातलं एक कारणही पुरते.

याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. राज्यात 2024 च्या लोकसभेला साधारण 61 टक्के मतदान झालं होतं. सातच महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी 66 टक्के झालं. 2019 च्या विधानसभेला हाच आकडा 61 होता. 1995 नंतरचं विधानसभेचं हे सर्वात जास्त मतदान. नोव्हेंबरात तर आपल्याकडं भारी धानाची कापणी आणि कापसाची वेचणी जोरात असते, तरी लोक आले. बायांच्या रांगा तर आपण सगळ्यांनीच पाहिल्या. मताचा आपल्या घराशी संबंध आहे असं वाटलं की माणूस वेळ काढते.

यादीतला घोळ

दुसरं कारण आळशीपणाचं नाही, कागदाचं आहे. आमच्याच घरची गोष्ट. वहिनी लग्न होऊन आली त्याला सहा वर्षं झाली, पण नाव माहेरच्याच यादीत. मतदानाच्या दिवशी ती माहेरी जाणार कशी? इथल्या बूथवर नाव नाही. दोन निवडणुका अशाच गेल्या. चूक आमचीच. अर्ज भरायचा राहून गेला.

अशा सुना गावोगावी आहेत. शहरात गेलेली पोरं आहेत, वारलेल्या माणसांची नावंही यादीत राहतात. यामुळं दोन गोष्टी होतात. ज्याला मत द्यायचं आहे त्याला देता येत नाही. आणि जे येऊच शकत नाहीत ते यादीत मोजले जातात, म्हणून टक्का आणखी खाली दिसते. म्हणजे कमी टक्क्यातला काही भाग हा जुन्या यादीचा आहे.

तिसरी गोष्ट नाराजीची. पक्ष फुटले, चिन्हं बदलली, काल याच्यावर टीका करणारा आज त्याच्याच मांडीवर. लोक म्हणतात, "मत एकाले देतो, जाते दुसऱ्याकडं." त्यात राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा 2022 पासून वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. मत द्यायचीच सवय तुटली. काही गावं तर चिडून बहिष्कारच टाकतात. 26 एप्रिल 2024 ला मेळघाटातल्या काही गावांनी पाणी, रस्ता, वीज नाही म्हणून तेच केलं.

घरी राहिलं तर नुकसान कोणाचं?

ही नाराजी खोटी नाही. पण एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. तुम्ही कोणाला मत दिलं हे गुप्त असते, पण कोणत्या बूथवर किती मतं पडली आणि कोणत्या उमेदवाराला किती, याचा तक्ता निकालानंतर तयार होते. त्याला नमुना 20 म्हणतात. तो कोणालाही पाहता येते, आणि पुढारी तो बारकाईनं पाहतात.

आता विचार करा. ज्या गावात शंभरातले चाळीसच जण येतात, त्या गावच्या पांदण रस्त्याची, कॅनॉलच्या पाण्याची काळजी कोण करणार? ते चाळीस कोणते हे कार्यकर्त्याला माहीत असते. तेवढे सांभाळले की काम झालं. जिथं ऐंशी येतात तिथं त्याला सगळ्या गावाला विचारावं लागते. घरी बसून आपण राग दाखवला असं आपल्याला वाटते, पण तक्त्यात राग कुठंच लिहिला जात नाही. फक्त रिकामी जागा दिसते. कोणीच पसंत नसेल तर 2013 पासून यंत्रावर 'नोटा' आहे. त्यानं लोकसभा-विधानसभेचा निकाल रद्द होत नाही, पण निदान तुमचा राग मोजला जाते.

आता काय करायचं?

1. नाव आजच तपासा. मोबाइलवर निवडणूक आयोगाचं ॲप आहे, किंवा 1950 वर फोन करा. निवडणूक लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

2. नवीन नावासाठी नमुना 6, नाव कमी करण्यासाठी नमुना 7, पत्ता बदलणे किंवा दुरुस्तीसाठी नमुना 8. सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना 8 भरून ते इकडं आणता येते. गावच्या बीएलओकडं अर्ज मिळते, मोबाइलवरूनही भरता येते.

3. 18 वर्षं पूर्ण झालेल्या पोरापोरींना वर्षभर थांबायची गरज नाही. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात.

4. मतदान कार्ड हरवलं तरी चालते, यादीत नाव पाहिजे. आधार, पॅन, फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यातलं एक न्या. फक्त मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही.

5. लोकसभा-विधानसभेच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायद्यानं हक्क आहे. रोजंदारीच्या मजुरालाही तो आहे. मालकानं रोज कापला तर त्याला दंड होऊ शकते.

6. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून दिली की केंद्राध्यक्ष तुम्हाला वेगळी मतपत्रिका देतात.

7. वेळ संपताना रांगेत उभे असाल तर तुम्हाला मत देऊ द्यावंच लागते. चिठ्ठी घ्या आणि उभे राहा.

आमच्या वहिनीचा नमुना 8 आम्ही या वर्षी भरला. मोबाइलवर पंधरा मिनिटं लागली. सहा वर्षं जे राहिलं ते एवढंच काम होतं. तुमच्या घरातही एखादं नाव असं अडकलं असेल. आज संध्याकाळी जेवायच्या आधी घरातल्या सगळ्यांची नावं एकदा पाहून घ्या.