परदेशी धम्मदूतांचे रोजचे जगणे

आपल्या तालुक्याच्या धम्ममेळाव्यात एखादे परदेशी भन्तेजी व्यासपीठावर आले की गर्दी पुढे सरकते. हार घातले जातात, फोटो निघतात, तरुण मुले सहीसाठी वही पुढे करतात. सभा संपल्यावर मात्र ते काय जेवले, कोणत्या खाटेवर झोपले, रात्री डासांनी झोपू दिले की नाही, याची विचारपूस फार थोडे लोक करतात. आम्ही बुलढाणा जिल्ह्यात कचेरी सांभाळून विहाराचे काम करतो, त्यामुळे ही विचारपूस अनेकदा आमच्याच वाट्याला येते. व्यासपीठावरचा एक तास सर्वांना दिसतो. धम्मदूताचे खरे काम उरलेल्या तेवीस तासांत चालते, असे आमचे मत झाले आहे.

तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारी दिशांना पाठविले तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले होते. त्या भिक्खूजवळ सामान ते काय? तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे साधन, अशा आठ वस्तू. आजच्या काळात त्यात नववी वस्तू पासपोर्टची, आणि तीच सर्वांत जास्त त्रास देते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेचे चित्र आहे. त्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर व माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील देणारे वृद्ध भिक्खू दिसतात, ते पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थवीर. ते मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. किशोरवयातच भारतात आले आणि कुशीनगरला राहिले. जेथे बौद्ध धम्माचे नाव घेणारे जवळपास कोणीच उरले नव्हते, अशा गावात त्यांनी सारे आयुष्य काढले. तेथील भाषा शिकले, यात्रेकरूंची सोय पाहिली, आसपासच्या मुलांसाठी शाळा उघडल्या. सभा नाही, जयघोष नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. नागपूरला आले तेव्हा त्यांचे वय सुमारे ऐंशी वर्षांचे होते. बाबासाहेबांनी दीक्षेसाठी त्यांना बोलावले, ते त्या वेळी भारतातील सर्वांत ज्येष्ठ भिक्खू होते म्हणून. पण पन्नासहून अधिक वर्षे परमुलखात टिकून राहिल्यामुळेच ते ज्येष्ठ झाले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

याच चंद्रमणींच्या हातून मे १९४९ मध्ये कुशीनगरला एका इंग्रज तरुणाने श्रामणेर दीक्षा घेतली होती. त्याचे मूळ नाव डेनिस लिंगवूड, जन्म १९२५ चा, लंडनचा. १९४४ साली तो सैन्यात संदेशवहन तुकडीत शिपाई म्हणून भारतात आला. युद्ध संपले, सैन्य सुटले. ऑगस्ट १९४७ मध्ये, इंग्रज हा देश सोडून निघाले त्याच महिन्यात, त्याने गृहत्याग केला आणि एका बंगाली मित्राबरोबर पायी भटकू लागला. कधी भिक्षा मिळे, कधी लोक हाकलून देत. गोरा माणूस भिक्षा मागतो हे पाहून लोक चक्रावून जात. श्रामणेर झाल्यावर त्याचे नाव संघरक्षित झाले. १९५० मध्ये भिक्खू जगदीश काश्यप यांनी त्यांना दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँगला ठेवले आणि येथेच राहून बौद्ध धम्माच्या भल्यासाठी काम कर असे सांगितले. ते तेथे चौदा वर्षे राहिले. तरुणांची संघटना काढली, लहानसे मासिक चालविले, परीक्षेला बसणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकविले. धम्मदूताच्या दिवसाचा मोठा भाग असाच शिकवणीत आणि पत्रे लिहिण्यात जातो.

बाबासाहेबांशी त्यांची तीनदा भेट झाली. १९५२ साली मुंबईत राजगृहावर झालेल्या पहिल्या भेटीत बाबासाहेबांनी त्यांना सरळ विचारले, महाबोधि सोसायटीचा अध्यक्ष ब्राह्मण कसा? ती सोसायटी आपली नव्हे, असे त्यांनी सांगितल्यावरच पुढचे बोलणे मोकळेपणाने झाले. परदेशी माणूस येथे धम्माचे काम करू लागला की असे प्रश्न त्याला चुकत नाहीत. तू कोणाचा, कोणी पाठविले, तुझ्या पैशाचा मालक कोण? प्रश्न अपमानासाठी नसतात. ज्या समाजाला हजारो वर्षे फसविले गेले तो विचारणारच.

मग ६ डिसेंबर १९५६ चा दिवस आला. संघरक्षित मुंबईहून नागपूरकडे रेल्वेने निघाले होते. मुंबई-नागपूर मार्ग आपल्याच जिल्ह्यातून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करीत जातो. दुपारी नागपूरला उतरल्यावर स्थानकावर मोठे स्वागत झाले. तासाभरातच बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची बातमी येऊन धडकली. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर सुमारे एक लाख लोक जमले. धड व्यासपीठही नव्हते. एकेक पुढारी बोलायला उभा राही, दोन-चार शब्दांत त्याचा कंठ दाटून येई आणि तो रडत खाली बसे. शेवटी हा एकतीस वर्षांचा इंग्रज भिक्खू एका रिक्षाच्या आसनावर उभा राहिला आणि बोलत राहिला. बाबासाहेब गेले तरी त्यांचे कार्य गेलेले नाही, ते आता तुमच्या हाती आहे, हे त्याने त्या रडणाऱ्या जनसमुदायाला सांगितले. पुढच्या चार दिवसांत नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतून त्यांची पस्तीसहून अधिक भाषणे झाली आणि सुमारे तीस हजार लोकांनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली.

या आकड्यांमागे काय असते ते आम्ही आमच्या अनुभवावरून सांगू शकतो. चार दिवसांत पस्तीस भाषणे म्हणजे दिवसाला आठ-नऊ. प्रत्येक वस्तीत जाणे, बसणे, पाणी पिणे, त्रिशरण-पंचशील, भाषण, लहान मुलांच्या डोक्यावर हात ठेवणे आणि पुन्हा निघणे. भाषण इंग्रजीत, म्हणून जवळ दुभाषी हवा. दुभाष्याचे नाव इतिहासात सहसा राहत नाही, पण त्याच्यावाचून धम्मदूत मुका असतो. तोही बिचारा मिल, रेल्वे किंवा शाळेतली नोकरी करून आलेला. वक्ता एक वाक्य बोलून थांबतो, दुभाषी त्याची तीन करतो, आणि लोक टाळ्या वाजवतात त्या नेमक्या कोणाच्या वाक्याला, हे दोघांनाही ठाऊक नसते!

१९६४ पर्यंत संघरक्षित कालिम्पाँगहून खाली उतरून महाराष्ट्रात दौरे करीत. त्या काळी सभा रात्री असत. गिरण्यांची पाळी सुटल्यावर, शेतातून परत आल्यावर, भाकर खाऊन लोक जमत. पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी १९६७ साली स्वतःचा संघ स्थापला. आपल्याकडे तो त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण म्हणून ओळखला गेला. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील त्यांच्या वागण्याबद्दल तेथल्याच काही शिष्यांनी गंभीर तक्रारी केल्या होत्या आणि २०१६ मध्ये त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला, हेही वाचकांना ठाऊक असावे. ते झाकून ठेवून कस्तुरचंद पार्कची गोष्ट मोठी होत नाही, आणि सांगितल्याने ती खोटीही ठरत नाही.

नागपूरचे भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांची गोष्ट निराळी. ते जपानचे. थायलंडमार्गे भारतात आले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरला येऊन पोहोचले. हातात पंख्यासारखा लहान डफ, तोंडाने जपानी पद्धतीचा मंत्र, आणि पायी फिरणे. सुरुवातीला मुले मागे लागत, मोठे हसत. भाषा येत नव्हती. तरी ते इंदोऱ्याच्या वस्तीतच राहिले, मिळेल ते खाल्ले, हिंदी शिकले, लग्ने लावली, बारशी केली, मर्तिकाला गेले. ज्याच्याकडे लोक मरणाच्या घरी बोलावणे पाठवतात, तो आता परका राहिला नाही असे समजावे. राहण्याची मुदत संपलेली, कागदपत्रे अपुरी, यामुळे १९८० च्या दशकात त्यांच्यावर देशाबाहेर जाण्याचे संकट आले. तेव्हा नागपूरच्या जनतेने त्यांच्यासाठी लाखो सह्या गोळा केल्या आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. सह्या करणाऱ्यांत अंगठा उठविणाऱ्या किती मायमाउल्या असतील! १९९२ मध्ये बुद्धगयेच्या महाविहाराच्या मुक्तीसाठी जे आंदोलन झाले, त्याच्या अग्रभागी हेच भन्तेजी होते.

तिसरे नाव धम्मचारी लोकमित्रांचे. हे इंग्लंडचे, संघरक्षितांचे शिष्य. ऑक्टोबर १९७७ मध्ये पुण्यात योग शिकण्यासाठी म्हणून निघाले असता वाटेत नागपूरला थांबले आणि योगायोगाने दीक्षेचा एकविसावा वर्धापन दिन तेथेच गाठला गेला. तो जनसागर पाहिला आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला राहायला आले. दापोडीची वस्ती, भाज्याची शिबिरे, वसतिगृहे, पुढे नागपूरचे नागलोक, हे सारे त्यातून उभे राहिले. आपल्या लोकांना पहिली अडचण पडली ती कपड्यांची. चीवर नाही, मुंडण नाही, संसारही करतात, मग यांना भन्ते म्हणावे की साहेब? आम्हाला विचाराल तर, हा प्रश्न शिबिराच्या पहिल्या दिवशी मोठा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही.

याच कामासाठी १९८० पासून इंग्लंडमध्ये पैसा जमविला गेला. तो कोण्या लक्षाधीशाच्या तिजोरीतून आला असा आपल्यातील पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तेथले तरुण स्वयंसेवक काही आठवडे एका घरात एकत्र राहतात, रोज संध्याकाळी थंडीपावसात बाहेर पडतात आणि अनोळखी दारे ठोठावून महाराष्ट्रातल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा थोडी रक्कम देण्याची विनंती करतात. बरीच दारे तोंडावर बंद होतात. भारतात येऊन राहणाऱ्या धम्मदूताइतकाच हाही धम्मदूत आहे, फक्त तो आपल्याच गावात परका होतो.

आणि आपण? बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे सांगितले होते. आम्ही हिशेबनीस माणूस, म्हणून हिशेबच करतो. महिना १०,००० रुपये मिळवणाऱ्या घराला ५०० रुपये बसतात. पण आपल्या जिल्ह्यातल्या मायबहिणी त्याहून जास्त देतात आणि ते कोणत्याही पावती-पुस्तकात येत नाही. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. म्हणजे अकराच्या आत ताट तयार पाहिजे. शेतमजूर बाईला आठच्या सुमारास निंदणाला निघावे लागते. भन्तेजींचे जेवण तिच्या घरी असले की त्या दिवसाचा रोज बुडतो, किंवा ती पहाटे चारला उठते आणि सासूवर ताट वाढण्याचे काम सोपवून जाते. वर्षावासाचे तीन महिने म्हणजे नेमका निंदणाचा हंगाम. एका विहारात आम्ही घरोघर पाळ्या लावल्या तेव्हा ज्यांच्या घरी पगार येतो त्यांची नावे आधी लिहा, असे एका वृद्ध उपासिकेने आम्हाला बजावले. तेव्हापासून आम्ही तसेच करतो.

परदेशी पाहुणा असला तर आणखी दोन-चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाणी उकळून द्यावे. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्याने दुसऱ्या दिवशी सभेऐवजी दवाखाना होतो. ठेचा वेगळ्या वाटीत ठेवावा. उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच त्यांना पडू द्यावे. फोटोसाठी उठवू नये. जेवण झाल्यावर आग्रह करू नये, कारण नाही म्हणणे त्यांना जड जाते आणि पोट बिघडते. रात्री वीज जाते म्हणून कंदील आणि मच्छरदाणी आधीच ठेवावी. दुभाष्यालाही तेच ताट आणि तीच खाट द्यावी. परतीच्या गाडीचे तिकीट आधीच काढून ठेवावे आणि मलकापूर किंवा शेगावला पोहोचवायला कोण जाणार, हे सभेच्या आदल्या दिवशी ठरवून घ्यावे.