शर्यतीच्या टायरमधील हवेचा दाब

१९४४ साली स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेने १९७३ साली हौशी मोटारचालकांसाठी एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. २००९ साली ही स्पर्धा नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी, विमानतळालगतच्या काँक्रीटच्या विस्तीर्ण पटांगणावर नेण्यात आली. या खेळाला अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणतात. (ब्रिटनमध्ये हेच नाव गवताच्या किंवा मातीच्या मैदानावरील शर्यतीस आहे, तिचा विचार येथे केलेला नाही.) पटांगणावर शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात आणि एका वेळी एकच मोटार तीमधून धावते. स्पर्धा असते ती घड्याळाशी. एक फेरी सुमारे एका मिनिटाची असते. शंकू पाडल्यास प्रत्येक शंकूमागे दोन सेकंद दंड होतो. राष्ट्रीय स्पर्धेत दोन वाटांवर प्रत्येकी तीन फेऱ्या मिळतात आणि प्रत्येक वाटेवरील उत्तम वेळेची बेरीज करून क्रम लावतात. पहिल्या व दुसऱ्या क्रमांकात कित्येकदा सेकंदाच्या काही शतांशांचेच अंतर असते.

या स्पर्धेतील पुष्कळ वर्गांत मोटार जवळजवळ कारखान्यातून आली तशीच ठेवावी लागते. इंजिनाला हात लावता येत नाही. परंतु टायरमध्ये हवा किती भरावी याचे स्वातंत्र्य सर्वांना असते, आणि त्याला खर्चही येत नाही. साहजिकच हातात दाबमापक घेऊन चाकाजवळ बसलेला चालक हे या पटांगणावरील नेहमीचे दृश्य होय.

मोटारीचे वजन प्रत्यक्षात किती जागेवर टेकलेले असते, याची कल्पना सहसा नसते. १,२०० किलोग्रॅम वजनाच्या एखाद्या मोटारीच्या पुढील एका चाकावर ३६० किलोग्रॅम भार आहे असे समजू. टायरमधील दाब दर चौरस इंचास ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोग्रॅम असेल, तर भाराला दाबाने भागून टेकलेली जागा सुमारे १७० चौरस सेंटिमीटर येते. टायरच्या बाजूंचा ताठपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे हा आकडा काटेकोर नव्हे. पण ही जागा पसरलेल्या पंजाएवढीच असते, एवढे त्यावरून नीट कळते. अशा चार पंजांवर मोटार वळते, थांबते आणि वेग घेते.

येथे शाळेतील विद्यार्थी एक रास्त शंका काढील. घर्षण हे भारावर अवलंबून असते, टेकलेल्या जागेच्या क्षेत्रफळावर नव्हे, असे पुस्तकात शिकविलेले असते. मग जागा लहान असो की मोठी, फरक का पडावा? लाकूड किंवा लोखंड यांच्या बाबतीत तो नियम बऱ्याच अंशी खरा आहे. रबराला मात्र तो लागू पडत नाही. मऊ रबर रस्त्यावरील बारीक खडबडीतपणात शिरते, त्याला चिकटते, आणि पुन्हा मूळ आकारावर येताना शक्ती खर्च करते. एका चौरस सेंटिमीटरवर जितका जास्त भार पडेल तितका त्या भाराच्या प्रमाणात मिळणारा जोर कमी होत जातो. म्हणून तोच भार अधिक जागेवर आणि सारखा पसरला, तर पकड वाढते. घर्षणांक एकाहून कमीच असतो, ही समजूतही येथे टिकत नाही. शर्यतीच्या टायरचा घर्षणांक कोरड्या रस्त्यावर एकाहून जास्त असू शकतो.

मग हवा कमी करून जागा वाढवावी, असे कोणालाही वाटेल. काही मर्यादेपर्यंत ते बरोबरही आहे. परंतु दाब त्या मर्यादेखाली गेला, की टायरचा मधला भाग सैल पडून भार दोन्ही कडांवर जातो. वळणावर बाजू दुमडते, टायर स्वतःच्या बाजूवर लोळू लागतो, आणि सुकाणूचक्र फिरविले तरी मोटार क्षणभर उशिरा वळते. दाब फारच कमी असल्यास टायरची कड रिमवरून सुटून सगळी हवा एकदम निघून जाण्याचाही धोका असतो. उलट दाब जास्त झाला, तर टायर मधोमध फुगतो, कडा रस्त्यापासून उचलल्या जातात आणि मोटार चपळपणे वळू पाहते, पण लवकर घसरते. उत्तम दाब या दोहोंमध्ये कोठेतरी असतो. तो मोटारीचे वजन, रिमची रुंदी, टायरची बांधणी आणि रस्ता यांप्रमाणे बदलतो. हलक्या एक-आसनी गाड्यांचे टायर दर चौरस इंचास २० पौंडांच्याही खाली उत्तम चालतात. जड मोटारीला तोच दाब घातक ठरेल. यामुळे दुसऱ्या चालकाला आकडा विचारून तोच वापरण्यात फारसा अर्थ नाही.

खरी अडचण यापुढे आहे. भरलेला दाब स्थिर राहत नाही. वळणावर रबर सारखे दबते व सुटते, रस्त्यावर घासते आणि तापते. ती उष्णता हळूहळू आतील हवेपर्यंत पोचते. टायरचे आकारमान फारसे बदलत नसल्याने हवेचा दाब तिच्या उष्णतामानाच्या प्रमाणात वाढतो. मात्र हे प्रमाण मांडताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. उष्णतामान केवल शून्यापासून, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून घ्यावयाचे. दाबमापक फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवितो, म्हणून त्यात वातावरणाचे १४.७ पौंड मिळवावयाचे. सकाळी २० अंशांवर ३० पौंड दाब भरला, तर पूर्ण दाब ४४.७ पौंड झाला. काही फेऱ्यांनंतर आतील हवा ५० अंशांवर गेली, तर ४४.७ ला ३२३ ने गुणून २९३ ने भागावे. उत्तर सुमारे ४९.३ येते. त्यातून १४.७ वजा केल्यास दाबमापकावर ३४.६ पौंड दिसतील. साडेचार पौंडांची ही वाढ चालकाने काहीही न करता झाली!

म्हणूनच अनुभवी चालक टायर तापल्यावर असावा तो दाब ठरवितात आणि सकाळी त्याहून कमी भरतात. पहिली फेरी मात्र थंड टायरवरच करावी लागते. फेऱ्या तीनच असल्याने ती वाया घालविणेही परवडत नाही, म्हणून पहिल्या फेरीसाठी थोडा अधिक दाब ठेवून पुढे प्रत्येक फेरीनंतर वाढलेली हवा सोडतात. दोन चालक एकच मोटार आळीपाळीने चालवीत असतील, तर टायरला निवायला वेळच मिळत नाही. तेव्हा फवाऱ्याने त्यावर पाणी मारतात. सायंकाळी तापलेल्या टायरमधून हवा सोडून ३० पौंड केलेली असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी २० अंशांवर दाबमापक जेमतेम २६ दाखवील. हे विसरून पहिल्या फेरीस निघालेले चालक प्रत्येक स्पर्धेत सापडतात. ऊनही असेच फसविते: उभ्या मोटारीच्या उन्हातील बाजूच्या टायरमध्ये सावलीतल्यापेक्षा दाब जास्त भरतो. कित्येक जण हवेऐवजी नुसता नायट्रोजन भरतात. पण हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तापल्यावर दोहोंचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो. हवेत ओलावा नसणे, हाच काय तो त्याचा लाभ.

उत्तम दाब शोधण्याची साधी युक्ती खडूची आहे. टायरचा तळ जेथे संपतो व बाजू सुरू होते तेथे, कडेवर आडवी, खडूची रेघ ओढतात. फेरीनंतर रेघ बाजूवर बरीच खालपर्यंत पुसली गेली असेल, तर टायर लोळत आहे, दाब वाढवावा. कडेपर्यंतही पुसली नसेल, तर तो कमी करावा. पुष्कळ टायरांवर या जागी छोटा त्रिकोणही उठविलेला असतो. लांब शर्यतींत याऐवजी सुईच्या उष्णतामापकाने तळाच्या आतील, मधल्या व बाहेरील भागांचे उष्णतामान घेतात. मधला भाग अधिक तापला, तर दाब जास्त. दोन्ही कडा अधिक तापल्या, तर कमी. परंतु एका मिनिटाच्या फेरीत उष्णता रबरात खोलवर जात नाही आणि मोटार थांबेपर्यंत पृष्ठभाग निवूही लागतो, त्यामुळे ऑटोक्रॉसमध्ये या आकड्यांवर फार विसंबू नये. शेवटचा निर्णय घड्याळाचा. एका वेळी एकच पौंड बदलावा, फेरी करावी, वेळ व दाब वहीत लिहावे. दाबमापक नेहमी तोच वापरावा. तो एखादा पौंड चुकीचे दाखवीत असला तरी चालेल, पण दर वेळी सारखेच चुकला पाहिजे.

पुढील व मागील दाबांत फरक करून मोटारीचा स्वभावही बदलता येतो. पुढची चाके जड असलेली मोटार वळणावर सरळच जाऊ पाहते, तेव्हा काही चालक मागील दाब मुद्दाम वाढवून मागची पकड कमी करतात. मोटार वळू लागते हे खरे. पण चांगला पाय लंगडा करून दोन्ही पाय सारखे करण्याचाच हा प्रकार. पुढील टायरमधील उत्तम दाब आधी शोधावा, हे अधिक शहाणपणाचे. डावी-उजवीकडील दाब मात्र सारखेच ठेवतात, कारण वाटेवर दोन्ही बाजूंची वळणे असतात.

स्पर्धा संपल्यावर कित्येक मोटारी त्याच टायरांवर घरी जातात. महामार्गावर तासन् तास धावताना कमी हवेचा टायर आतून तापत जाऊन फुटू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी, टायर निवल्यावर, दाराच्या खांबावरील पट्टीवर कारखान्याने जो दाब दिलेला असतो तो पुन्हा भरतात.